००१७ कुणी चालवलंय का?

मराठी माणसाच्या पूर्ण नावाला तीन रकाने लागतात. ज्या जँगो नावाच्या फ्रेमवर्कवर माझं पोट चालतं, त्याच्या हे गावीही नव्हतं. त्याचा जन्म कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला आणि २००५ साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याच्या हिशेबी माणसाला दोनच नावं असतात, पहिलं आणि शेवटचं. मध्ये बाप नाही. शिवाय दोन्ही नावांना सुरुवातीला तीस-तीस अक्षरांची हद्द. तिकडे लोक बिल, बॉब असे सुटसुटीत असतात, त्यामुळे तीस अक्षरं म्हणजे चैन वाटली असावी.

आम्ही शाळांसाठी सॉफ्टवेअर करतो. प्रवेश, फी, हजेरी, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं. तेव्हा बापाची सोय आम्हीच केली. विद्यार्थ्याच्या तक्त्यात ‘मधलं नाव’ असा रकाना घातला आणि बरीच वर्षं तो बिनतक्रार चालला. मग मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लावायचं. निर्णय चांगलाच आहे, उशिरा झाला एवढीच तक्रार. पण सरकारने एका परिपत्रकात चार शब्दांचा क्रम बदलला की पुण्यात कुठल्या तरी तिसऱ्या मजल्यावर चार माणसांची जेवणं थंड होतात, हे परिपत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं. ती १ मे नंतरची पोरं आता बालवाडीच्या दारात येऊ लागली आहेत, आणि आमच्या एका संस्थेचा मेल आला: “आईचे नावाचा रकाना तातडीने करून देणे.”

कोडमध्ये रकाना घालणं दोन मिनिटांचं काम आहे. पण कोडमध्ये घातला म्हणून तो डेटाबेसमध्ये उगवत नाही. तिथे हजारो पोरांची माहिती आधीच बसलेली असते आणि तिला धक्का न लावता भिंत पाडायची असते. त्यासाठी मायग्रेशन नावाची एक छोटी फाइल लिहितात: या तक्त्यात अमुक रकाना घाल, तमुकचं नाव बदल. फायलींना ओळीने नंबर असतात, ०००१, ०००२ असे. प्रत्येक फाइल आपल्या आधीची कोण ते आत लिहून ठेवते. फाइल चालवली की जँगो डेटाबेसमधल्याच एका तक्त्यात नोंद करतो की ही फाइल अमुक दिवशी अमुक वाजता लागली. पुन्हा कुणी विचारलं की तो ती नोंद बघतो आणि म्हणतो, झालंय ते, पुढे चला.

हे इतकं शहाणपणाचं वाटतं की ते पहिल्यापासून असेल असा कुणाचाही समज व्हावा. तसं नाही. जँगोमध्ये ही सोय २०१४ च्या सप्टेंबरात, १.७ या आवृत्तीत आली. त्याआधी तक्ते नव्याने तयार व्हायचे, पण असलेल्या तक्त्यात बदल करायचा तर तुमचं तुम्ही बघा असा मामला होता. अँड्र्यू गॉडविन नावाच्या इंग्रज गृहस्थाने त्यासाठी ‘साउथ’ नावाचं वेगळं अवजार केलं होतं. तेच जँगोच्या पोटात नीट बसवावं म्हणून त्याने २०१३ साली किकस्टार्टरवर अडीच हजार पौंड मागितले, आणि लोकांनी सातपटीच्या वर दिले. प्रोग्रॅमर लोक कशालाही वर्गणी देणारे नव्हेत. तेव्हा त्यांनी काय काय भोगलं असेल याची कल्पना करावी. आमच्याकडे त्या काळी मायग्रेशन म्हणजे “मी रात्री प्रॉडवर मारून टाकतो” असं म्हणणारा एक माणूस असायचा. त्याने काय मारलं ते त्यालाच ठाऊक, आणि तो जास्त पगारावर हिंजवडीला गेला की कुणालाच नाही.

तर आईच्या नावाचं काम आमच्या नवीन पोराकडे गेलं. पोरगा गुणी आहे, फक्त वाचत नाही. त्याने ‘मधलं नाव’ या रकान्याचं नाव कोडमध्ये ‘वडिलांचं नाव’ केलं, खाली ‘आईचं नाव’ वाढवलं आणि मायग्रेशन तयार करायची आज्ञा दिली. अशा वेळी जँगो एक प्रश्न विचारतो: तुम्ही मधल्या नावाचंच नाव बदलून वडिलांचं नाव केलंत का? पुढे कंसात छोटा वाय आणि मोठा एन. म्हणजे नुसतं एंटर दाबलं तर उत्तर ‘नाही’. पोराने एंटर दाबलं. जँगोने त्याचा सरळ अर्थ घेतला की मधलं नाव गेलं, ते काढून टाका, आणि वडिलांचं नाव हा नवा कोरा रकाना घाला. फाइल चालली असती तर एका एंटरमध्ये सबंध संस्थेतल्या मुलांचे बाप गेले असते.

दुसरा प्रश्न आईचा. आईचं नाव सक्तीचं असं मॉडेलमध्ये, म्हणजे तक्त्याच्या कोडमधल्या आराखड्यात, लिहिलेलं, तेव्हा जँगोने रीतसर हरकत घेतली: रकाना रिकामा चालणार नाही म्हणता, मग आधीच्या मुलांच्या ओळीत काय भरू? एक, आत्ता तात्पुरती किंमत सांगा. दोन, बाहेर पडा आणि विचार करून या. विचार करायला बाहेर पडणारा प्रोग्रॅमर मी अजून पाहिलेला नाही. पोराने पहिला पर्याय घेतला आणि किंमत टाकली: ‘आई’. हजारो मुलांच्या आईचं नाव, आई. मी ते बघितलं आणि मला पटकन चूक काढता येईना.

पण यातलं काहीच बिघडलं नव्हतं. फाइल त्याच्या लॅपटॉपवर नुसती तयार झालेली, चालवलेली नव्हती, पुश करून सगळ्यांकडे पाठवलेली नव्हती. “उडव ती फाइल, मॉडेल नीट कर, नवीन बनव,” मी सांगितलं. त्याने उडवली, पुन्हा बनवली, या वेळी प्रश्न वाचला, वाय दाबला, आईच्या नावाचा रकाना तूर्तास रिकामा चालेल असा केला. झालं स्वच्छ ००१७. ते पुश झालं, मुख्य कोडमध्ये मर्ज झालं, आणि आम्ही चहाला गेलो.

यानंतर संस्थेला विचार सुचला. ग्राहकाला विचार नेहमी मर्जनंतर सुचतात. एकाच घरातली तीन भावंडं संस्थेत असतील तर आईवडिलांचं नाव तीनदा का टाइप करायचं, असं त्यांच्या क्लार्कबाईंनी विचारलं. शिवाय काही मुलांचे कागदोपत्री पालक आजोबा आहेत, काहींच्या अर्जात वडिलांचं नाव नकोच आहे. मुद्दा शंभर टक्के रास्त. म्हणजे विद्यार्थ्याच्या तक्त्यात आई-वडिलांचे रकाने ठेवण्यात अर्थ नाही, पालकांचा वेगळाच तक्ता हवा आणि विद्यार्थ्याचं त्याच्याशी नातं हवं. मॉडेल मुळापासून बदललं.

आणि ००१७ मात्र जुन्या मॉडेलचं.

आमचा लीड सुसंस्कृत माणूस आहे. त्याच्या टेबलावर एक कागद दिसत नाही, मेलबॉक्समध्ये न वाचलेलं काही नसतं, आणि कोडचा इतिहासही तसाच निर्मळ असावा असा त्याचा ध्यास. तो म्हणाला, “उगाच अठरावं कशाला? सतरामध्ये रकाने घालायचे आणि अठरामध्ये तेच काढायचे? वाचणारा हसेल. सतराच बदलून टाकू.” झालेल्या इतिहासाची दुरुस्ती हा महाराष्ट्रात मोठा जोडधंदा आहे, पण त्यात पडणाऱ्याने आधी थोडी चौकशी करावी. तेवढी त्याने केली. आमच्या ग्रुपवर विचारलं: “००१७ कुणी चालवलंय का?”

नियम म्हटला तर एका ओळीत संपतो. मायग्रेशन दुसऱ्या कुठेही चाललं नसेल तर खुशाल बदला, उडवा, फाडा. चाललं असेल तर त्याला हात लावायचा नाही, पुढचा नंबर लिहायचा. मायक्रोसॉफ्टच्या एंटिटी फ्रेमवर्कला शेवटचं मायग्रेशन काढून टाक म्हटलं आणि ते तुमच्या डेटाबेसला लागलेलं असलं तर ते नकारच देतं, आधी मागे घ्या म्हणतं. पण तेही तुमच्यासमोरच्या डेटाबेसपुरतंच बघतं. शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते त्यालाही कळत नाही. म्हणजे नियमातला तांत्रिक भाग सोपा आहे. अवघड आहे ते “कुणी चालवलंय का?” या प्रश्नाचं खरं उत्तर मिळवणं. मला विचाराल तर डेटाबेसचं सगळं शास्त्र एकीकडे आणि हा प्रश्न एकीकडे.

कारण उत्तर कुणी देतच नाही. मोबाइल ॲपवाल्याने अंगठा दाखवला. तो अंगठा ‘चालवलं’चा की ‘वाचलं’चा, त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. टेस्टिंगवाली म्हणाली, “मी काही चालवत नाही बाबा, माझं आपोआप होतं.” हे तर आणखी वाईट. एकाने विचारलं, “सतरा म्हणजे कुठलं?” एकाने वाढदिवसाचा केक टाकला, तो मागच्या मेसेजला होता. रात्री बारा वाजता चाचणीचा स्टेजिंग सर्व्हर नवा कोड घेऊन स्वतःच मायग्रेशन लावतो, पण तो ग्रुपवर नाही. शेवटी तासाभरात कुणीही ‘हो’ म्हटलं नाही, आणि आपल्याकडे कुणी हो म्हटलं नाही म्हणजे नाही असंच धरतात. लीडने ००१७ उघडलं, रकाने काढले, पालकांचा तक्ता घातला आणि त्याच नावाने पुन्हा पुश केलं.

चालवलं होतं सोलापुरात.

आमचे मार्केटिंगचे गृहस्थ डेमोचा लॅपटॉप घेऊन हिंडत असतात. त्यावर पोरांनी त्यांना एक बटण करून दिलं आहे, ‘डेमो सुरू’. ते दाबलं की नवा कोड येतो, मायग्रेशन लागतं आणि सॉफ्टवेअर उघडतं. त्यांनी ते आदल्या दिवशी लॉजवर दाबलं होतं, म्हणजे जुनं ००१७ त्यांच्याकडे लागलेलं. सकाळी तिथल्या एका संस्थेच्या विश्वस्तांसमोर पुन्हा दाबलं. नवा कोड आला. आता जँगोचा स्वभाव असा की तो फाइलचं फक्त नाव बघतो. आत काय लिहिलंय, कालचंच आहे की रातोरात बदललं, याची त्याला फिकीर नाही. ००१७? नोंद आहे माझ्याकडे. लावण्यासारखं काही नाही, असं त्याने आनंदाने जाहीर केलं. मग कोड गेला पालकांचा तक्ता शोधायला, आणि तो तक्ता त्या लॅपटॉपवर जन्मालाच आला नव्हता. पडद्यावर जँगोचं ते पिवळ्या माथ्याचं पान आलं, त्यात आमच्या डेटाबेसने, म्हणजे पोस्टग्रेसने, ठळक अक्षरांत कळवलेलं: रिलेशन ‘पालक’ डज नॉट एक्झिस्ट. अध्यक्षांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, “हे कुठल्या मुलाबद्दल आहे?”

जावावाल्यांकडे फ्लायवे नावाचं अवजार आहे, ते असं फसत नाही. ते प्रत्येक फाइलच्या मजकुराचा एक आकडा काढून नोंदीत ठेवतं. पुढच्या वेळी आकडा जुळला नाही की तिथेच अडून बसतं. लिक्विबेसचीही तीच तऱ्हा. तुम्ही चाललेल्या फाइलमध्ये नुसती एक टीप वाढवली, शुद्धलेखन सुधारलं, तरी फ्लायवे म्हणणार की ही ती फाइल नव्हे. आमच्या ऑफिसात जावावाल्यांना यामुळे फार अडेलतट्टू अवजार मिळालं आहे अशी आमची समजूत होती. सोलापूरनंतर आम्ही त्यांच्याशी अदबीने बोलतो.

माझे मामा तलाठी होते. आता सरकारने त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलं आहे, पण मामा निवृत्त झाले ते तलाठी म्हणूनच. रविवारी ते घरी आले असताना मी ही हकीकत त्यांना सांगितली. त्यांना कॉम्प्युटरचा गंध नाही म्हणून सोपं करून सांगत होते, तर त्यांनी मध्येच थांबवलं.

“नोंद प्रमाणित झाली होती का?”

“म्हणजे मामा?”

“अगं, सातबारा म्हणजे तुझा तक्ता. आज जमीन कुणाची, एवढंच त्यावर. ती तशी का झाली ते फेरफारात, गाव नमुना सहाला. खरेदी झाली, वारस लागले, वाटप झालं, की एकेक नंबराने नोंद पडते. मी नोंद धरायची, नोटिसा काढायच्या, पंधरा दिवस हरकतीला द्यायचे. मग सर्कल ऑफिसर येणार, तपासणार आणि प्रमाणित करणार. तोवर सगळं कच्चं असतं. सर्कल नोंद रद्दही करू शकतो. पण एकदा त्याची सही झाली की ब्रह्मदेव आला तरी त्या नोंदीला हात नाही.”

“आणि चूक निघाली तर?”

“चूक निघणारच. हाताची चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांचा आदेश आणायचा, आणि त्या आदेशाचा नवीन फेरफार घालायचा, नवीन नंबराने. मोठी चूक असेल तर प्रांताकडे अपील, आणि निकाल लागला की त्याचाही नवीन फेरफार. सातबाऱ्यावर जुनं नावसुद्धा आम्ही खोडत नव्हतो. कंस करायचो. कंसात गेलेला माणूस कोण होता ते पणतूला वाचता यायला पाहिजे.”

मी त्यांना जँगोची आणखी एक सोय सांगितली. मायग्रेशन प्रत्यक्ष न चालवता ‘चाललं’ अशी नुसती नोंद करता येते. त्या पर्यायाचं नावच ‘फेक’ आहे. मामा कितीतरी वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अशी सोय सरकारने आम्हाला दिली असती, तर अर्धा तालुका आत असता.”

निस्तरायला जायचं तर आधी कोणाकडे कोणतं ००१७ आहे याची शिरगणती करावी लागली. ज्यांच्याकडे जुनं लागलं होतं ते सोलापूर आणि स्टेजिंग. ज्यांच्याकडे नवं लागलं होतं ते लीड आणि त्याच्यावर विश्वास टाकणारे. मग कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधून मूळ ००१७ जसंच्या तसं परत आणलं. नवं लावलेल्यांनी बदललेली फाइल हाताशी असतानाच ००१६ पर्यंत मागे जाऊन पुन्हा मूळ ००१७ लावायचं ठरलं. मागे जाणं ऐकायला सोपं आहे. काढलेला रकाना मागे गेल्यावर परत येतो, त्यातला मजकूर परत येत नाही. आमच्याकडे तिथे खोटी चाचणीची पोरंच होती म्हणून बरं. आणि पोस्टग्रेस होतं म्हणून बरं: त्याच्यात मायग्रेशन अर्ध्यात कोसळलं तर सगळं पूर्ववत होतं. मायएसक्यूएलमध्ये तक्त्यातला प्रत्येक बदल जागीच पक्का होतो, त्यामुळे अर्धवट पडलेलं मायग्रेशन धड पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही.

पालकांच्या तक्त्याचं ००१८ लिहिलं. त्यात तक्ता करायचा, जुन्या रकान्यांतली नावं त्यात न्यायची, एवढंच. जुने रकाने लगेच पाडायचे नाहीत, काही दिवस तसेच ठेवायचे, हा माझा हट्ट. तोवर फीवाल्या मुलीनेही स्वतःचं एक ००१८ लिहिलं होतं, तेव्हा दोघांना एकत्र आणणारं ००१९ घालावं लागलं. रेल्स नावाच्या दुसऱ्या फ्रेमवर्कवाल्यांनी याच कटकटीला कंटाळून २००८ मध्ये नंबर सोडले आणि फाइलच्या नावात तारीख-वेळ घालायला सुरुवात केली. त्याने दोघांचा नंबर एक होत नाही. दोघांनी एकाच तक्त्यावर कुऱ्हाड चालवायची ठरवलेली असली तर त्याला तारीख काय करणार?

लीडला मात्र ००१७-००१८ ची जोडी खटकत राहिली. आधी रकाने घालायचे, मग निरुपयोगी ठरवायचे. वाचणाऱ्याला आम्ही मूर्ख वाटणार. त्याला मी जँगोचं स्वतःचं घर दाखवलं. वापरकर्त्यांची माहिती ठेवणारा त्यांचा जो भाग आहे, त्यात बारा मायग्रेशनं आहेत. ०००१ उघडा, तिथे पहिलं नाव तीस अक्षरं, आडनाव तीस अक्षरं असं आजही लिहिलेलं आहे. जगभरातल्या लांब नावांनी नाकी नऊ आणल्यावर आडनाव दीडशे अक्षरांचं केलं, तेही ०००१ मध्ये नव्हे, ०००९ मध्ये. पहिल्या नावाला दीडशे अक्षरं मिळायला ००१२ उजाडावं लागलं. मधली जवळजवळ तीन वर्षं आडनावाला दीडशे आणि पहिल्या नावाला तीस, हा कारभार जगभरच्या साइट्सवर राजरोस चालू होता. ज्यांनी फ्रेमवर्क लिहिलं त्यांनी आपलं अज्ञान क्रमवार, नंबर घालून, चव्हाट्यावर ठेवलं आहे. आपलं दोन फायलींचं आहे.

फायली फारच साचल्या तर त्या एकत्र दाबून एक करायची आज्ञा जँगोत आहे. तिच्यातही जुन्या फायली उडवण्याआधी प्रत्येक ठिकाणी त्या सगळ्या चाललेल्या आहेत याची खात्री करावी लागते, म्हणजे पुन्हा तोच ग्रुप, तोच अंगठा आणि तोच केक. तेव्हा ते आम्ही पुढे ढकललं आहे.

सोलापूरच्या संस्थेने सॉफ्टवेअर घेतलं. अध्यक्षांना पालकांचा वेगळा तक्ता ही कल्पना आवडली. आम्ही ती त्यांना अभावानेच दाखवली होती, पण ठसली. आता त्यांची मागणी आहे की हजेरीपटावर आडनाव आधी पाहिजे. त्यासाठी डेटाबेसमध्ये काडीचाही बदल लागत नाही, छापताना क्रम फिरवला की झालं. तरी नव्या पोराने त्याचं मायग्रेशन लिहून ठेवलंय. मी त्याच्या लॅपटॉपशी जाऊन, नोंदीचा तक्ता उघडून, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. अजून कुठेही चाललेलं नाही. उडव म्हटलं.